बाकाजवळची फळी

३ फेब्रुवारी, मंगळवार

फळी मिळणार. क्रीडागृहाच्या व्यवस्थापकाने आज अखेर मान डोलावली. जुनं लाकडी मैदान उखडून तिथे निळं रबरी काहीतरी अंथरणार आहेत. निघालेलं सगळं लाकूड ठेकेदाराचं, हे आधीच ठरलेलं आहे. त्यातून आमच्यासाठी एक फळी बाजूला काढतील. एकच, तीही हातभर. ती दाराजवळच्या भिंतीवर लावायची आणि खाली पितळेची पट्टी: "भिंगरीने शेवटची बास्केट इथून मारली."

मी इतकी खूश झाले की दुकानात येऊन एका आजोबांना जवळचा चष्मा घालून लांबचा तक्ता वाचायला लावला. ते बिचारे डोळे ताणून अंदाजपंचे अक्षरं सांगत होते. शेवटी ह्यांनी काच घासायचं मशीन बंद केलं आणि म्हणाले, "आजोबांचं सोड, आज तुझाच नंबर तपासायला हवा."

डायरी लिहायची सवय कधीच मोडली होती. पण ही फळी कशी वाचली ते कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून पुन्हा सुरू केली.

मोजे कारखान्याचा महिलांचा संघ. कारखाना राहिला नाही, पण तो संघ डोळ्यांनी पाहिलेले आम्ही अजून आहोत. नुसत्या भुवईने ओरडणारी कप्तान. शिडी, जिला उडी मारायची गरजच पडायची नाही. एकमेकींकडे न बघता पास देणाऱ्या जुळ्या बहिणी. आणि भिंगरी. दिवसभर मोज्यांच्या टाचा शिवायच्या आणि संध्याकाळी खेळायला उतरायच्या. भिंगरीने सोडलेला चेंडू पंचाने हातात घेतला की त्याला लोकरीचे रंगीत धागे चिकटलेले असायचे. तशा खेळाडू पुन्हा झाल्या नाहीत. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

आमच्या वन्संही त्याच संघात होत्या. राखीव. माझं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींना मी नवऱ्याबद्दल काही सांगितलंच नाही, त्याची थोरली बहीण संघात आहे एवढंच सांगत सुटले. कोण, भिंगरी? शिडी? असं सगळ्या विचारायच्या, मग पडेल आवाजात सांगावं लागायचं की बाकावर बसते ती. तेव्हापासून मी त्यांना बाकाच्या मानकरी म्हणते. त्या हसतात. राग म्हणून येत नाही त्यांना.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पायरीवाल्यांना बातमी कळवली. मैदानाच्या कडेच्या लाकडी पायऱ्यांवर बसून आम्ही सामने पाहायचो, म्हणून पायरीवाले. आता महिन्यातल्या एका रविवारी आमच्या दुकानात जमतो. शटर अर्धं खाली ओढायचं, डोळे तपासायच्या खुर्च्या गोल मांडायच्या आणि प्रत्येकाने एक सामना सांगायचा. सांगणाऱ्याला मध्ये कोणी तोडायचं नाही, हा नियम. शेवटची बास्केट सांगायचा मान माझा.

शिट्टीकाका फोनवर रडलेच. दोन बोटं तोंडात घालून ते अशी शिट्टी मारायचे की पंचसुद्धा गोंधळून खेळ थांबवायचे. कवळी बसवल्यापासून शिट्टी येत नाही, हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव दुःख आहे. टायपिस्टबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "पण नक्की कुठली फळी?"

मी म्हटलं, त्यात काय विचारायचं.

८ फेब्रुवारी, रविवार

विचारायचंच होतं म्हणे.

आज सगळे जमले. मी नेहमीप्रमाणे शेवटची बास्केट सांगितली. इथेही लिहून ठेवते.

अंतिम सामना. आपण एका गुणाने मागे. त्यातच क्रीडागृहाच्या एका बाजूचे सगळे दिवे गेले, पण पंच म्हणाले चालू द्या, कारण थांबलो असतो तर पायरीवाल्यांनी क्रीडागृह डोक्यावर घेतलं असतं. रिंग उजेडात आणि तिच्यापुढचं अर्धं मैदान काळोखात. कप्तानच्या पोटरीत गोळा आला, ती लंगडत बाहेर गेली. संख्या पुरी करायला म्हणून वन्संना आत सोडलं. मग चेंडू भिंगरीकडे आला. समोरच्या दोघी तिच्या अंगावर धावल्या. त्यानंतर सगळ्या जणींचा नुसता गुंता, डोकी, कोपर, वेण्या. आणि त्या काळोखातून चेंडू वर आला. एकटा. हळूच उजेडात शिरला आणि रिंगला न शिवता जाळीतून खाली पडला. शिट्टी झाली. आम्ही पायऱ्यांवरून अक्षरशः कोसळलो. टायपिस्टबाईंनी आणि मी भिंगरीला खांद्यावर घेतलं. ती रडत होती, आमच्या डोक्यांवर थापा मारून "मी नाही, मी नाही" म्हणत होती. मोठी माणसं अशी असतात. सगळं करून सवरून श्रेय घ्यायची वेळ आली की मी नाही म्हणतात.

हे सांगताना आजही माझा ऊर भरून आला. वन्सं नेहमीप्रमाणे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चहाचा कप घेऊन, डोळे मिटून बसल्या होत्या. माझी गोष्ट ऐकताना त्यांना दर वेळी डुलकी लागते. चेंडू जाळीत पडला की मात्र बरोबर डोळे उघडतात, कप खाली ठेवतात आणि चष्मे पुसायच्या कापडाची घडी करून कोपऱ्यातल्या डब्यात फेकतात. डब्याकडे बघतही नाहीत. आजवर एक कापड बाहेर पडलेलं मला आठवत नाही.

तर गोष्ट संपली आणि जागेवरून भांडण पेटलं. मी म्हणते मधल्या वर्तुळाच्या डावीकडे. भिंगरी डावखुरी, ती उजवीकडे जाईलच कशाला? शिट्टीकाका म्हणतात ती खांबाआड होती, चेंडू खांबातूनच निघाल्यासारखा दिसला. टायपिस्टबाई म्हणतात, बरोबर घड्याळाच्या खाली. एक जण तर म्हणाला ती रिंगखालीच उभी होती. त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज तोड काढली, आणि ती माझ्याच डोक्यातून निघाली. काचांच्या खोक्यांना बांधतात त्या सुतळीचं बंडल घेऊन सगळ्यांना क्रीडागृहात नेलं. प्रत्येकाने आपापल्या जुन्या पायरीवर जाऊन बसायचं. सुतळीचं एक टोक नाकासमोर धरायचं, दुसरं टोक जिथे खेळाडू दिसली त्या दिशेला मैदानावर न्यायचं. जिथे सुतळ्या एकमेकींना भेटतील, ती जागा. चष्मेवालीला नजरेच्या रेषा कळतात म्हटलं.

भिंगरीच्या जागी वन्संना उभं केलं. उंची साधारण तेवढीच, आणि त्यांना तरी दुसरं काय काम होतं. त्या आढेवेढे घेत होत्या. "वहिनी, मला कशाला मध्ये घेतेस, दुसरं कोणी उभं राहील की." मी ऐकलं नाही. बाकावरून उठा जरा, म्हटलं.

शिट्टीकाकांची सुतळी खांबाच्या कडेने गेली. टायपिस्टबाईंची घड्याळाखाली. माझी, विझलेल्या दिव्यांतल्या तिसऱ्या दिव्याखाली. आम्ही वरून ओरडत होतो, मागे या, उजवीकडे, आणखी उजवीकडे. वन्सं सरकत होत्या. अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, "एवढं पुरे, इथेच असेल." कोणी ऐकलं नाही. शेवटी तिन्ही सुतळ्या एकत्र आल्या त्या थेट उजव्या बाजूला, राखीव खेळाडूंच्या बाकासमोर.

वन्सं तिथे पोचल्या. खाली फळीकडे बघत राहिल्या. मग उजवा पाय थोडा पुढे टाकला आणि दोन्ही टाचा किंचित उचलल्या. चप्पल चावत असावी. मी खाली जाऊन विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही ग. ह्या फळीत गाठ आहे लाकडाची, ती अजून तशीच आहे."

आता बाकावर बसून बसून माणसाला समोरच्या फळीतली गाठसुद्धा पाठ होते.

पण बाकाजवळ? भिंगरी आणि बाकाजवळ? सगळ्यांच्या स्मरणशक्तीला गंज चढला आहे. माझी सुतळीही मी बाकीच्यांचं बघून नकळत सरकवली असणार. उगाच केला हा उद्योग.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरलं. मधल्या वर्तुळाच्या डावीकडची फळी. मी खडूने फुली मारून आले. टायपिस्टबाई म्हणाल्या, तीन सुतळ्या खोटं बोलतील का. मी म्हटलं, चाळीस वर्षं मी सांगते आहे, मी खोटं बोलेन का.  पितळी पट्टी कोरायला दिली.

ह्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं. हे म्हणाले, "मला काही वाटत नाही. मी काच घासतोय." कधी नाही ते मशीन बंद होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

भिंगरी येणार. तिच्या मुलीने फोन जोडून दिला. आवाज घोगरा झालाय, पण बोलणं तसंच गरगर फिरणारं. मी सांगितलं की पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे, तुम्ही त्या जागेवर उभ्या राहा, फोटो काढू, आणि सोमवारी सुतार फळी कापेल.

ती म्हणाली, "कोणती जागा धरलीत?"

मी सांगितली. तिने ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाली, "जागा तुझ्या नणंदेला विचारलीस का?"

मी म्हटलं, विचारली, त्या सुतळ्यांच्या वेळी होत्या. ती म्हणाली, "येते मी. पण मला बोलायचं आहे. या वेळी तरी बोलू द्या." मी म्हटलं, बोला की, पाच मिनिटं ठेवते तुमच्यासाठी. पट्टीवर नाव लागतंय म्हटल्यावर दोन शब्द बोलावेसे वाटणारच.

एवढी मोठी खेळाडू, आणि तिला आमच्या वन्संची आठवण आहे. वन्संना सांगितलं तर त्यांनी हातातलं वाटाण्यांचं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "ती स्वतः येणार? गुडघा बरा आहे तिचा?" मग लगेच वाटाणे सोलायला लागल्या. सालं भांड्यात आणि दाणे कचऱ्यात टाकत होत्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज वन्संनी माझ्याकडे काहीतरी मागितलं. मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदाच. मी हिशोबाची गडबड आवरत होते, त्या समोर येऊन उभ्या राहिल्या, पदर बोटाला गुंडाळत.

"वहिनी, ती बाकाजवळची फळी मला मिळेल का? मला औषधं ठेवायला फळकूट हवंच आहे. तसंही ती ठेकेदाराकडे जाणार."

मी म्हटलं, अहो वन्सं, एकच फळी मिळणार आहे, दुसरी मागितली तर तो व्यवस्थापक पहिलीही काढून घेईल. औषधांना मी तुम्हाला नवं कपाट आणून देते, आरशाचं.

"नको. राहू दे," म्हणाल्या. जिना चढताना कठड्याला धरून मध्येच थांबल्या होत्या. गुडघ्याचं दाखवायला हवं एकदा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज नुसता ताप. सकाळी व्यवस्थापकाचा फोन, ठेकेदाराने काम दोन दिवस आधीच सुरू केलं. धावत गेले. माझी खडूची फुली शाबूत होती, पण बाकाच्या बाजूने फळ्या उचकटायला घेतल्या होत्या. खिळे निघतानाचा तो कर्रकर्र आवाज काही केल्या कानातून जात नाही.

आणि तिथे, कामगारांच्या गर्दीत, आमच्या वन्सं. खुर्ची टाकून बसलेल्या. विणकाम मांडीवर. ह्यांनीच सकाळी आणून सोडलं म्हणे, मला एका शब्दाने न सांगता.

मी म्हटलं, "वन्सं, इथे काय करताय? लोकांना काम करू द्या."

"गुडघा दुखतोय ग. थोडं बसते."

"मग तिकडे पायरीवर बसा."

"इथेच बरं वाटतंय." सुई चालूच. "मी उठले की ही काढतील."

सुतार डोक्याला हात लावून उभा होता. मला म्हणाला, "ताई, सकाळपासून विनवतोय. आजी हसतात, पण हलत नाहीत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत ज्या बाईने बसमधल्या खिडकीच्या जागेसाठीही कधी हट्ट धरला नाही, तिने आज चारचौघांत असं ठाण मांडावं? पण वयाने मोठ्या, ओरडणार तरी कसं. शेवटी मीच सुताराची समजूत काढली, सोमवारपर्यंत एवढा तुकडा राहू दे. त्याने त्यांच्या खुर्चीभोवतीच्या फळ्या काढल्या आणि मध्ये एक बेट उरलं. दुपारी ते बेट तसंच ठेवण्याचा शब्द त्याच्याकडून घेऊन मगच त्या उठल्या.

घरी येताना ह्यांच्यावर तोंडसुख घेतलं. हे म्हणाले, "ती कधी काही मागते का?" बस, एवढंच.

२२ फेब्रुवारी, रविवार

आजचं सगळं लिहायला हवं.

पायरीवाले झाडून सगळे आले. काही जण नातवंडांना घेऊन आले. भिंगरी काठी टेकत, मुलीच्या हाताला धरून आत आली तेव्हा आम्ही उभे राहिलो आणि बसायचं विसरून गेलो. केस पांढरेशुभ्र, पण मान तीच. मी तिला खडूच्या फुलीजवळ नेलं. पितळी पट्टी मखमलीच्या कापडात गुंडाळून माझ्या हातात होती.

तिने फुलीकडे पाहिलं. "हो, मी इथेच होते," म्हणाली. मी टायपिस्टबाईंकडे असं पाहिलं की बास. मग भिंगरी वळली. म्हणाली, "आता माझी पाच मिनिटं सुरू कर."

ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मला बोलू दिलं नाहीत, सरळ उचललंत. वर बसून ओरडले, तेही ऐकलं नाहीत. ह्या जागेवर मला दोघींनी कोंडलं होतं. मला रिंग दिसत नव्हती. मी चेंडू मागे टाकला, न बघता. बघायची गरजच नव्हती. जिथे असायला हवी तिथे ती असायचीच. चेंडू जाळीत पडला तेव्हा माझी पाठ होती तिकडे. मी ती बास्केट पाहिलीसुद्धा नाही. तुम्ही सगळ्यांनी पाहिली आणि मारली म्हणे मी."

मखमलीतली पट्टी मी पाठीमागे लपवली.

"आणि मला भिंगरी कोणी केलं ते विचारा ना. रोज सरावाला माझ्यासमोर कोण उभं राहायचं? ही. हिला चुकवता चुकवता मी भिंगरी झाले. सामन्यात कोणी हिच्याइतकं अडवणारं भेटलंच नाही."

मग ती काठी टेकत निघाली, उघड्या पडलेल्या सिमेंटवरून, मुलगी सावर सावर म्हणत मागे, थेट बाकासमोरच्या त्या बेटाकडे. "हे कोणी वाचवलं?" तिने विचारलं.  सुतार म्हणाला, "ह्या आजींनी. बसूनच राहिल्या काल." आणि वन्संकडे बोट दाखवलं.

वन्सं पार मागे उभ्या होत्या, चहाच्या कपांचा ट्रे हातात घेऊन.

माझ्या डोक्यात एकेक फळी सरकायला लागली. सुतळ्या. टाचा. डब्यात पडणारी कापडं. जिन्यावरचे मिटलेले डोळे. मी इतरांचे डोळे तपासते, त्यावर आमचं घर चालतं.

शिट्टीकाकांनी दोन बोटं तोंडात घातली. नुसती हवा निघाली, पण पायऱ्यांवरचे सगळेच्या सगळे उठून उभे राहिले. मी वन्संच्या हातातला ट्रे काढून घेतला, त्यांना त्या बेटावर नेऊन खुर्चीत बसवलं आणि टायपिस्टबाईंना म्हटलं, धरा तुमचा पाय. पुढचे दोन पाय आम्ही दोघींनी धरले, मागचे ह्यांनी आणि सुताराने.

"वहिनी, ठेव खाली. तुझी कंबर जाईल."

"जाऊ दे कंबर. गप्प बसा तुम्ही."

उचललं. फार नाही, गुडघ्यापर्यंत उचलली असेल खुर्ची. वर बसलेल्या बाईने या वेळी "मी नाही" म्हटलं नाही. ती रिंगकडे बघत होती.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कंबर गेली. शेकत बसले आहे. सुताराने सकाळी फळी कापली, गाठीसकट, आणि हातांनी घासून आमच्याकडे पोचवली. जुनी पट्टी कोरणाऱ्याकडे परत गेली. नवी अशी: "इथून शेवटची बास्केट. पास भिंगरीचा." आणि त्याच्या वर वन्संचं पूर्ण नाव. नाव सांगताना माझ्या लक्षात आलं की ते मी मोठ्याने उच्चारलंच नव्हतं कधी. मी आपली वन्संच म्हणत आले.

सकाळी चहाला त्या समोर बसल्या तेव्हा विचारलं. का नाही सांगितलंत? त्याच दिवशी का नाही?

"लोकांनी इतक्या हौसेने तिला उचललं होतं. आता कुठे खाली उतरवायचं? आणि तिचा गुडघा तेव्हाच गेला होता. तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तिचा शेवटचा सामना तो. मी म्हटलं, असू दे."

"आणि मला? मी घरात आले तरी?"

त्या चहा ढवळत राहिल्या. "तू आलीस त्याच दिवशी मला ती बास्केट सांगितलीस, आठवतंय? मला, मी तिथे होते हे माहीत असून. दारात चपला काढायच्या आधी. काळोखातून चेंडू वर आला, एकटा, म्हणालीस. मला मारताना तसं काही दिसलं नव्हतं ग. मला फक्त रिंग दिसली होती. ते इतकं छान होतं की मला मध्ये बोलवेना."

मी माझा कप बाजूला सारला.

"आणि मी काय गमावलं? दर महिन्याला ऐकत होते की. कौतुक माझंच चाललेलं, नाव तेवढं तिचं. तू बाकाची मानकरी म्हणायचीस ना, तेव्हा मला मनातून हसू यायचं."

मी रडले. चांगली भडभडून रडले. ह्यांना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. हे म्हणाले, "होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या दोघींच्या मध्ये बोलून मी राहायला कुठे गेलो असतो?"

१ मार्च, रविवार

बुधवारी क्रीडागृहात फळी लावली. दाराजवळ, येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर. उंची मी ठरवली, त्यात तरी माझी चूक होणार नाही. नवं निळं मैदान कुठवर आलं ते बघायला येणाऱ्या खेळाडू मुली जाता-येता त्या गाठीला हात लावतात. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना, आपलं आपणच सुरू केलं. मी दोनदा नुसतं ते बघायला जाऊन आले. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, ती फळी माझ्या नणंदेची. एका बाईला चष्मा घ्यायचाच नव्हता, पत्ता विचारायला आली होती, तिलाही सांगितलं.

८ मार्च, रविवार

पायरीवाले जमले. आज खुर्च्या कमी पडल्या, भिंगरीही मुलीला घेऊन आली होती आणि अजून परत जायचं नाव काढत नाही. सगळ्यांचे सामने झाले. शेवटची बास्केट उरली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उठले आणि म्हटलं, हा मान आता माझा नाही. वन्संनी सांगायची.

वन्सं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होत्या, कप हातात. मानेनेच नाही म्हणाल्या. मी खुर्ची ओढून दिली, भिंगरीने काठीने त्यांच्या पायाला टोचलं, शिट्टीकाकांनी टाळ्या सुरू केल्या. त्या हलल्या नाहीत. बसायचं ठरवलं की त्या कशा बसतात ते आम्ही पाहिलेलं आहे.

"तूच सांग, वहिनी," म्हणाल्या. "मला तुझ्यासारखं येत नाही. आहे तशीच सांग. फक्त नाव बदल."

आणि डोळे मिटून घेतले.

मी घसा साफ केला. आवाज लागायला जरा वेळ गेला, पण नियम आहे, त्यामुळे मध्ये कोणी बोललं नाही. मग मी सुरुवात केली, की अंतिम सामना होता, आपण एका गुणाने मागे होतो, आणि एका बाजूचे सगळे दिवे गेले होते.